सातमाशाचा राप

१

"हे ते नव्हे," पारखी म्हणाले आणि नाणं परत मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं.

एवढंच वाक्य. बोलायला दोन सेकंदं लागली असतील. पुढे कित्येक दिवस पारखी या वाक्यासाठी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालणार होते. पण त्या सकाळी चहाचा कप हातात असताना ते सवयीने, सहज बोलून गेले. वस्तुसंग्रहालयाचा नाण्यांचा विभाग त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला होता. नुसत्या नजरेने खरं-खोटं सांगतात अशी त्यांची ख्याती, आणि ख्यातीला जागायचं म्हणून माणूस कधीकधी भिंगसुद्धा खिशातून काढत नाही.

नाना जाऊन तीन आठवडे झाले होते. नाना म्हणजे नकाशांच्या कचेरीतले ड्राफ्ट्समन, पारखींचे जुने स्नेही. आजोबांकडून आलेली ब्याऐंशी नाणी त्यांनी जन्मभर जिवापाड जपली. प्रत्येक नाण्याला वेगळं कागदी पाकीट, पाकिटात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर धातू, वजन, कुणाच्या काळातलं ते, आणि तळाशी एक सूचना. ती पारखींनीच एकदा सांगितलेली आणि नानांनी ब्याऐंशी वेळा उतरवलेली: राप काढू नये. राप म्हणजे जुन्या चांदीवर वर्षानुवर्षं चढत जाणारा काळसर थर. अडाणी माणसाला तो मळ वाटतो. जाणकाराला ठाऊक असतं की तोच नाण्याचं वय सांगतो, तोच खालच्या चांदीला जपतो, आणि निम्म्याहून जास्त किंमत त्याचीच असते.

नानांची लिहायची तऱ्हाही कचेरीतलीच. आधी सगळी अक्षरं काढायची, मग पट्टी लावून वरची रेघ ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढायची. पारखी चेष्टा करत, "नाना, तुमची ओळ म्हणजे आगगाडी. डबे कुठे जोडलेत ते उतरून बघावं लागतं." नाना हसत, आणि पुढची ओळ तशीच ओढत.

मृत्युपत्रात नाणी मुलाला आणि मुलीला निम्मी-निम्मी होती. म्हणून मोजदादीला पारखींना बोलावलं होतं. एक्क्याऐंशी नाणी जशीच्या तशी निघाली. ब्याऐंशीवं मात्र या सगळ्यांचा राजा. ते पाडणारा राजा सातच महिने गादीवर टिकला म्हणून नाना त्याला लाडाने 'सातमाशा' म्हणत. एका नाण्यात एक लहानसं घर आलं असतं. पारखींनी ते शेवटचं पाहिलं तेव्हा ते जांभळट काळं होतं. आता पाकिटातून निघालं ते लखलखीत पांढरं, अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, साच्यात ओतून केलेल्या नकलेसारखं. पाकिटात चिठ्ठीही नव्हती.

नानांचा मुलगा, घरातला धाकटा, जागेवरून उठला. "ताई," तो म्हणाला. "दुसरं कोण?"

२

आता ताई कोण, ते सांगायला हवं. ताई म्हणजे नानांची थोरली. अकरा वर्षांपूर्वी ती नवऱ्याचं घर सोडून निघाली, तेव्हा नाना म्हणाले होते, दिलं त्या घरीच परत जा. ती गेली नाही. दातांच्या दवाखान्यांचं काम करणाऱ्या कुठल्याशा कारखान्यात लागली, एकटी राहू लागली आणि बापलेकीचं बोलणं बंद झालं. नाना अर्धांगाने अंथरुणाला खिळले, वाचा गेली, तरी ती फिरकली नाही. आणि मग जायच्या चार दिवस आधी अचानक दारात उभी राहिली.

धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. अकरा वर्षं न आलेली माणसं शेवटच्या चार दिवसांत येतात ती कशासाठी येतात, हे शेंबडं पोरही सांगेल. कपाटाची किल्ली नानांच्या उशाखाली होती आणि ताई दुपारभर उशाशी बसून होती. "काका, तुम्ही आत्ता जे बोललात ते मला लेखी द्या," तो म्हणाला. सोमवारी वकील येणार होता. तक्रार करायची, ताईला वाटणीतून वगळायचं आणि या घराचा उंबरठा तिला कायमचा बंद करायचा, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

लेखी म्हटल्यावर पारखी सावध झाले. बोलणं हवेत विरतं, कागद राहतो. त्यांनी चार दिवस मागून घेतले, नाणं बरोबर घेतलं आणि निघण्याआधी घरातल्या माणसांशी एकेक करून बोलले.

सूनबाईंनी आधी कानांवर हात ठेवले, मग हळूहळू मोकळ्या झाल्या. नानांचं सगळं करता करता त्यांचा पार पिट्ट्या पडला होता, आणि त्यात हा चोरीचा आळ कुणावरही येऊ शकतो हे त्यांना नीट कळत होतं, कारण त्यांचा सख्खा भाऊ सोनार होता. हे त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. उद्या तुम्हाला दुसरीकडून कळण्यापेक्षा आजच कळलेलं बरं, म्हणाल्या.

नानांची शुश्रूषा करणाऱ्या मावशी मात्र एका प्रश्नाला अडखळल्या. ताई आली त्याच्या आधी घरातून बाहेर काही गेलं होतं का, असं पारखींनी विचारलं. मावशींनी पदराशी चाळा केला आणि नाही म्हणाल्या. विचारलं नव्हतं तेही पुढे सांगितलं, की त्यांना अजून दोन घरची कामं आहेत आणि एकदा चोर म्हणून नाव झालं की कुणी दारात उभं करत नाही.

३

ताईची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. एक खाट, एक टेबल, खिडकीत दोन कुंड्या. तिने पारखींना खुर्ची दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर बसली. लहानपणी ती याच काकांच्या मांडीवर बसून भिंगातून नाण्यांवरचे हत्ती बघत असे. आज काका तिला चोर ठरवून आले होते, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने काहीच लपवलं नाही, निदान तिच्या मते. सातमाशा तिच्याकडे आला होता. नानांनीच पाठवला होता. चार-पाच दिवस तो तिच्याजवळ होता.

"मला सांगितलं होतं तसं करून मी तो परत नेला," ती म्हणाली. "नानांना दाखवला आणि कपाटात ठेवला. त्यानंतर कुणी बदलला असेल तर मला माहीत नाही."

कुणाबरोबर पाठवला होता, असं पारखींनी विचारलं. ते ती सांगेना. त्या माणसाची भाकरी जाईल, एवढंच म्हणाली. नाना बोलू शकत नव्हते, मग निरोप कसा आला, यावर तिचा चेहरा एकदम बंद झाला. ते माझं आहे, म्हणाली, ते कुणाला दाखवायचं नाही.

पारखी जिना उतरले ते खिन्न होऊन. नाणं तिच्याजवळ होतं हे तिनेच कबूल केलं होतं. साक्षीदाराचं नाव नाही, निरोपाचा पुरावा नाही. सोमवारी वकील तिची चिंधी चिंधी करणार होता. तिच्या बोलण्यातले तीन शब्द मात्र त्यांच्या डोक्यात रुतून बसले: सांगितलं होतं तसं. कुणी काय सांगितलं होतं?

४

घरी येऊन पारखींनी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. टेबल खिडकीशी ओढलं, हात धुऊन कोरडे केले, नाणं फक्त कडेला धरून काट्यावर ठेवलं. अकरा ग्रॅम एकवीस. जुन्या वहीत नोंद होती अकरा ग्रॅम चाळीस. हलकं भरलं, म्हणजे नक्कलच, असं मनाशी म्हणत त्यांनी भिंग लावलं. अक्षरांच्या खाचांमध्ये बारीक भुकटी अडकलेली दिसली. फिकट गुलाबी.

सोनार झिलईला तांबूस पूड वापरतात. पारखींना सूनबाईंचा भाऊ आठवला आणि हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण ती पूड तांबूस असते, अशी गुलाबी नसते. त्यांनी कण टाचणीवर घेतला, काचेवर घासला. दगडी पूड नव्हती, मऊ होती.

मग कपाटातून त्यांनी सातमाशाचा प्लास्टरचा ठसा काढला. सव्वीस वर्षांपूर्वी नाना हे नाणं पहिल्यांदा दाखवायला आले तेव्हा घेतलेला. ठोकताना साचा तडकला होता, त्यामुळे राजाच्या हनुवटीखाली केसाएवढी बारीक, उठावाची रेघ उमटली होती. ठशावर ती होती. लखलखीत नाण्यावरही होती, झिजलेली पण होती. कडेला होता तो टवकाही बरोबर त्याच जागी.

चांगला नकल्या हनुवटीची रेघ उचलेल, टवका उचलेल. पारखींनी नाणं तिरपं धरलं. कडेला जोड नव्हता, पृष्ठभागावर ओतीव कामाचे बुडबुडे नव्हते. आणि हनुवटीखालच्या खाचेत, गुलाबी भुकटीच्या तळाशी, टाचणीलाही न निघणारा काळा कण घट्ट बसला होता. शंभर वर्षांचा राप नकल्या कुठून आणणार?

बदललेलं काहीच नव्हतं. हा सातमाशाच होता. कुणीतरी तो घासूनपुसून चांदीच्या चमच्यासारखा लख्ख केला होता, आणि चाळीस वर्षांच्या नजरेने त्याला ओळखलं नव्हतं. चोरी झालीच नव्हती. ती पारखींच्या तोंडून झाली होती.

राहिला एकच प्रश्न. नाण्याचं असं वाटोळं कुणी केलं, आणि का?

५

ताई काम करायची तो कारखाना म्हणजे एका दवाखान्यामागची लांबोडकी खोली. टेबलांवर कवळ्या ओळीने मांडलेल्या, खालच्या, वरच्या, अर्ध्या. दारातच पारखी थबकले. हवेत गुलाबी धूळ होती. हिरड्यांच्या रंगाची. खिडकीशी झिलईचं चाक फिरत होतं आणि त्याच्यापुढे ताई तोंडाला फडकं बांधून एक कवळी घासत होती. दोन बोटांत अशी अलगद धरलेली, की नाणंही असंच धरलं असणार हे पारखींना दिसलं.

तिने चाक बंद केलं. पारखींनी सांगितलं की नाणं बदललेलं नाही, चूक माझी झाली. तिने तोंडावरचं फडकं सोडलं.

"पण तू ते साफ केलंस," ते म्हणाले.

"हो मग. नानांनीच सांगितलं होतं." तिला यात विचारण्यासारखं काही वाटत नव्हतं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून केलं, म्हणाली, आधी मऊ ब्रशने, मग चाकावर. इतकं जपून तिने कुणाची कवळीही केली नव्हती.

पुरावा म्हणून तो निरोप मला बघू दे, असं पारखी म्हणाले. दाखवला नाहीस तर सोमवारी मी काही करू शकणार नाही. ताईने पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून एक घडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

नानांची चिठ्ठी. धातू, वजन, राजाचं नाव. आणि तळाशी, पट्टीने ओढलेल्या अखंड रेघेखाली चिकटून उभी असलेली अक्षरं: रापकाढूनये.

"मी तेव्हा म्हटलं होतं, नाना ये म्हणतील तेव्हाच त्या घरात पाऊल टाकीन," ताई म्हणाली. "अकरा वर्षं म्हटलं नाही त्यांनी. आणि मग हे. राप काढून ये. मला वाटलं, नाण्याचं निमित्त आहे, खरं म्हणजे मनातला राप काढून ये म्हणताहेत. मी काढला आणि गेले. नाणं हातात ठेवलं तर नाना ढसाढसा रडले हो."

पारखींच्या तोंडात शब्द आले होते. एका जागी बोट ठेवलं असतं तर पुरलं असतं. 'काढू' इथे संपतो, 'नये' इथून सुरू होतो. मीच सांगितलेली ओळ आहे ही. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि तिला परत दिली.

"जपून ठेव," ते म्हणाले.

६

सोमवारी दिवाणखान्यात सगळे जमले. वकील होता, धाकटा होता, सूनबाई होत्या, दाराशी मावशी होत्या. ताईला दाराजवळची खुर्ची दिली होती.

पारखींनी नाणं आणि ठसा शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग धाकट्याच्या हातात दिलं. हनुवटीची रेघ दाखवली, टवका दाखवला, काळा कण दाखवला. वजन का घटलं तेही सांगितलं, घासताना चांदी झिजते. "नाणं तेच आहे," ते म्हणाले. "मी भिंग न लावता बोललो. तुझ्या बहिणीला मी चोर ठरवलं, तू नाही."

मग मावशी पुढे झाल्या. पाकीट आपणच पोचवलं, म्हणाल्या. नाना सारखे कपाटाकडे बोट दाखवत, मग भिंतीवरच्या ताईच्या फोटोकडे. दोन दिवस दाखवत राहिले तेव्हा कुठे अर्थ लागला. मग एकेक पाकीट समोर धरलं, तेव्हा याच पाकिटाला त्यांनी मान हलवली. भीतीने खोटं बोलले, माफ करा, म्हणून त्या रडू लागल्या. धाकट्याने मान खाली घातली.

पण वकील पक्का होता. साफ करायला सांगितलं कुणी, असं त्याने विचारलं, आणि तसं सांगितल्याचा कागद आहे का? ताईचा हात पर्सकडे गेला. चिठ्ठी टेबलावर आली असती तर धाकट्याने ती एका झटक्यात बरोबर वाचली असती, चिठ्ठ्या ताई सासरी गेल्यावरच्या, तो तर हे वाक्य बघतच मोठा झालेला.

"मी सांगितलं," पारखी म्हणाले. "नानांना मीच कळवलं होतं की राप फार चढलाय, काढून घ्या."

धाकट्याने भिंग खाली ठेवलं. काका, तुम्ही तर जन्मभर उलटं सांगत आलात, असं तो म्हणाला. पारखी म्हणाले, म्हातारपणी माणसाची बुद्धी फिरते. आता या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्त येईल, फार नाही. तेही त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि तसं लिहून खाली सही केली.

धाकट्याने ताईची माफी मागितली. अडखळत मागितली, पण मागितली. वाटणी झाली, एक्केचाळीस पाकिटं इकडे, एक्केचाळीस तिकडे, सातमाशा ताईच्या वाट्याला. निघताना पारखींना कुणी दारापर्यंत सोडायला आलं नाही. चार दिवसांत गोष्ट षट्कर्णी झाली. संग्रहालयानेही मग नव्या नाण्यांसाठी दुसऱ्या कुणाला बोलावलं. पारखींना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका पोरीचं 'ये' वाचलं, या हिशेबात सौदा वाईट नव्हता असं ते स्वतःला सांगत.

७

पंधरा दिवसांनी सकाळी ताई आली. हातात कापडी पिशवी. तिने पाकिटं एकेक करून टेबलावर मांडली आणि प्रत्येकातली चिठ्ठी काढून त्याच्यावर ठेवली. ब्याऐंशी पाकिटांमध्ये ब्याऐंशी चिठ्ठ्या, आणि त्यातली निम्मी आपण स्वतःच्या हातांनी तिच्या पदरात घातली, एवढी साधी गोष्ट या नावाजलेल्या डोक्यात आली नव्हती.

"नाना काय प्रत्येक नाण्यालाच ये म्हणत होते का हो, काका?" ती म्हणाली.

पारखींनी खुर्ची पुढे ओढली. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ती ओळ माझी, ते म्हणाले, मी सांगितली आणि त्यांनी उतरवली. काढू, नये. मी तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझ्याच्याने झालं नाही.

"पहिल्या पाकिटातच कळलं मला. तरी सगळी उघडली. म्हटलं, एखादीत तरी वेगळं असेल."

ती रडत नव्हती. हात मांडीवर ठेवून बसली होती, नखांत गुलाबी धूळ तशीच. सातमाशाची माती केली मी, असं ती म्हणाली, तेव्हा पारखींनी मान हलवली, कारण नाण्याच्या बाबतीत ते खरंच होतं. मग तिने विचारलं की नाना रडले ते नाण्यासाठी की माझ्यासाठी. पारखी म्हणाले, मला माहीत नाही, पोरी. मी तिथे नव्हतो. तू होतीस.

त्या दुपारचं सगळं तिने पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणलं असावं, कारण बोलली ती अगदी सावकाश.

"नाणं त्यांनी बघितलं. मग ते पांघरुणावर पडलं, तिकडे लक्षसुद्धा दिलं नाही. डाव्या हाताने माझा हात धरला तो मी निघेपर्यंत सोडला नाही." तिने पुढ्यातली चिठ्ठी उलटी केली. "म्हणजे बोलावलं नसतानाच गेले ना मी? तरी धरला. मग अकरा वर्षं मी कशाची वाट बघत बसले होते, काका?"